थकव्याचा नियम: नरसीचे नामदेव, पालखीचे मुक्काम आणि फाशांचे खेळ

मारवाडच्या वाळवंटात दोन वाटसरू तहानेने व्याकूळ होऊन एका विहिरीपाशी पोहोचतात. विहीर फार खोल, पाणी हाती लागण्यासारखे नाही. त्यांतला एक योगी आहे. लघिमा सिद्धीच्या बळावर तो हलका होतो, विहिरीत उतरतो, पाणी पिऊन वर येतो आणि सोबत्यालाही पाणी आणून देऊ म्हणतो. सोबती नकार देतो. त्याच्याजवळ सिद्धी नाही. तो काठावर बसून आपल्या देवाला हाक मारतो. थोड्या वेळाने विहीर उचंबळून काठोकाठ भरते आणि वाहू लागते.

पहिला वाटसरू ज्ञानदेव, दुसरा नामदेव. नामदेवांच्या नावावर असलेल्या तीर्थावळीच्या अभंगांत ही कथा येते आणि पुढे महिपतींच्या लेखणीतून ती महाराष्ट्रभर पसरली. कथा खरी की रूपक, हा प्रश्न येथे बाजूला ठेवू. तिची रचना पाहण्यासारखी आहे. त्या दोघांना तहान लागली नसती तर कथेत सांगण्यासारखे काहीच उरले नसते. योगी आणि भक्त यांच्यातला जो भेद शेकडो ओव्यांनी समजावावा लागला असता, तो एका कोरड्या घशाने उघड केला.

रोल-प्लेइंग गेम खेळणाऱ्यांच्या जगात नेमक्या याच कोरड्या घशावरून एक जुना वाद आहे. या खेळांत प्रत्येक खेळाडू एक पात्र धारण करतो, एक सूत्रधार जग उभे करतो आणि फासे नशीब ठरवतात. पात्र चालले तर थकावे का? जागले तर त्याचा हात कापावा का? विश्रांती घेतल्याशिवाय जखम भरू नये, मंत्र आठवू नयेत, असा नियम सर्वांना बंधनकारक असावा, की ज्याला आवडेल त्याने तो पाळावा? एका पक्षाला हा नियम म्हणजे कंटाळवाणा जमाखर्च वाटतो. दुसऱ्या पक्षाला तो नसला की प्रवास हा नकाशावरून बोट फिरवण्याइतका पोकळ वाटतो. वाद आजचा वाटतो. पण थकवा आणि विसावा यांचे नियम कोणी करायचे आणि ते कोणाला लागू करायचे, या प्रश्नावर महाराष्ट्राने काही शतके विचार केलेला आहे. तोही चालता चालता.

हिंगोलीपासून काही कोसांवर कयाधू नदीच्या काठी नरसी हे गाव आहे. नामदेवांच्या जन्मस्थानाबद्दल अभ्यासकांत मतभेद असले तरी गावाने संताचे नाव आपल्या नावाला जोडून तो वाद स्वतःपुरता केव्हाच मिटवला आहे: नरसी नामदेव. परंपरेप्रमाणे जन्म १२७० चा, समाधी १३५० ची, पंढरपूरच्या महाद्वारात. या दोन टोकांमधले आयुष्य मात्र रस्त्यावरचे आहे. ज्ञानदेवांबरोबरची उत्तरेची तीर्थयात्रा, १२९६ मध्ये ज्ञानदेवांची समाधी, आणि नंतर पंजाबातील घुमान येथला दीर्घ वास. गुरू ग्रंथसाहेबात नामदेवांची एकसष्ट पदे आहेत, ती या पायपिटीचीच मिळकत होय. पंढरपूर ते घुमान हे अंतर पक्ष्याच्या वाटेने मोजले तरी दीड हजार किलोमीटरच्या वर भरते.

आता एक गंमत. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत पायी चालणारे पात्र सामान्य गतीने दिवसाला आठ तासांत चोवीस मैल, म्हणजे साधारण अडतीस किलोमीटर चालते. या हिशेबाने नामदेव चाळीस दिवसांत घुमानला पोहोचतील, तेही नद्या, पावसाळे आणि राज्यांच्या सीमा ओलांडून. याच्या शेजारी आळंदीची पालखी ठेवावी. पंढरपूरपर्यंतच्या जवळपास अडीचशे किलोमीटरांना तिला अठरा दिवसांच्या आसपास लागतात. रोजची सरासरी चौदा किलोमीटर. खेळातला वीर वारकऱ्याच्या पावणेतीनपट चालतो. पण त्या खेळाच्या नियमकर्त्यांना थकवा ठाऊक नव्हता, असे मात्र मुळीच नाही.

या खेळांचे मूळ युद्धखेळांत आहे. १९७१ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी मध्ययुगीन लढायांचा 'चेनमेल' हा नियमसंच प्रसिद्ध केला. सलग कूच करणाऱ्या, धावून जाऊन भिडणाऱ्या तुकड्या थकतात आणि थकल्या की दुबळ्या लढतात, असा नियम त्यात स्पष्ट होता. त्यातूनच १९७४ मध्ये गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' जन्मला. तळघरांत फिरताना दर तासाला दहा मिनिटे निश्चल बसून विश्रांती घ्यायची, आणि पाठलागातून सुटका झाली असेल तर त्याच्या दुप्पट, असे त्या पहिल्याच आवृत्तीत लिहिलेले आहे. १९८१ च्या संचात आणखी एक नियम येतो: सहा दिवस प्रवास केला की सातवा दिवस विश्रांतीचा, तो टाळला तर हल्ल्याच्या आणि इजेच्या फाशातून एक वजा. म्हणजे थकवा ही पुढे हौसेने जोडलेली शोभा नव्हती; घराच्या पायातच तो दगड होता. तो ऐच्छिक झाला तो नंतर, खेळ मोठा झाल्यावर आणि घाईत असलेले खेळाडू वाढल्यावर. २०१४ च्या सूत्रधारासाठीच्या पुस्तकात तर विश्रांतीची तीन मापे दिली आहेत: नेहमीची रात्रभराची दीर्घ विश्रांती, शूरकथांसाठी ती एका तासाची, आणि कठोर वास्तवाची आवड असणाऱ्यांसाठी ती चक्क सात दिवसांची. सूत्रधाराने हवे ते निवडावे.

सहा दिवस श्रम आणि सातव्या दिवशी विसावा, हे गणित मुंबईच्या गिरण्यांना मात्र फाशांनी शिकवले नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. येथे एक क्षण थांबून 'ऐच्छिक' या शब्दाचा विचार करावा. विश्रांती ऐच्छिक असती, म्हणजे ज्याला हवी त्याने घरी बसावे, नको त्याने कामावर यावे, अशी सवलत असती, तर ती किती जणांना खरोखर घेता आली असती? शेजारच्या मागावरचा माणूस हजर आहे आणि आपण गैरहजर, ही भीतीच सुट्टी गिळून टाकते. सर्वांनी एकाच दिवशी थांबायचे असा नियम झाला, तेव्हा कुठे थांबणे शक्य झाले.

हीच गोष्ट खेळाच्या टेबलावर लहान प्रमाणात घडते. पाच जणांच्या चमूत दोघांनी थकव्याचा नियम स्वीकारला आणि तिघांनी नाकारला, तर चाल तिघांच्या गतीने होते. दोघे मागे पडतात, किंवा शरमेने आपला नियम सोडून देतात. ज्याला विश्रांतीची गरज नाही त्याच्या सोयीचा खेळ मग सर्वांवर लादला जातो, आणि त्याला नाव मात्र स्वातंत्र्याचे मिळते.

विसाव्याची दुसरी बाजूही आहे: विसावा घेणारा उघडा पडतो. खेळाडूंना हे चांगले ठाऊक असते. रात्री पहारा कोण देणार यावर त्यांचे अर्धा तास भांडण चालते. मराठ्यांच्या इतिहासात या भांडणाला एक जीवघेणी तारीख आहे. नोव्हेंबर १८०४. यशवंतराव होळकर घोडदळासह गंगा-यमुनेच्या दोआबात होते. वेग हेच ज्यांचे शस्त्र, त्या होळकरांचा माग जनरल लेक घोडदळ घेऊन काढत होता. शेवटच्या चोवीस तासांत लेकच्या स्वारांनी शंभराहून अधिक किलोमीटरची मजल मारली आणि १७ नोव्हेंबरच्या पहाटे फर्रुखाबादजवळ होळकरांचा झोपलेला तळ गाठला. यशवंतराव निसटले, फौजेची मात्र वाताहत झाली. थकव्याशिवाय हा प्रसंग कोणत्याही पटावर मांडून पाहावा. घोडी कधीच दमत नसतील, तर होळकर थांबलेच नसते आणि लेकच्या त्या भयंकर मजलेला काही अर्थही उरला नसता. थकवा दोन्हीकडे होता. एकाने तो झोपेत फेडला, दुसऱ्याने तो उधार ठेवला. इतिहासातले कितीतरी निर्णय असे उधारीवरचे असतात.

त्याच युगातला, शिंद्यांच्या फौजेत चाकरी केलेला एक शिपाईगडी पुढे आळंदीस येऊन राहिला: साताऱ्याजवळच्या आरफळ गावचे हैबतबाबा. उत्तरेतून परतताना सातपुड्यात भिल्लांनी त्यांना अडवले आणि सुटका झाल्यावर त्यांनी उरलेले आयुष्य ज्ञानदेवांच्या चरणी वाहिले, असे परंपरा सांगते. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखीची प्रथा सुरू केली होती. १८३२ च्या सुमारास हैबतबाबांनी ज्ञानदेवांची पालखी स्वतंत्रपणे काढली आणि तिला आजचे रूप दिले. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे दिले, तंबू दिला. ही पालखी पाहताना एखाद्या फौजेची आठवण होते, आणि ते योग्यच आहे. दिंड्यांना क्रमांक आहेत, रथापुढच्या वेगळ्या आणि रथामागच्या वेगळ्या. चोपदार आहेत. कूच आहे, तळ आहे, मुक्काम आहे. फौजेतून शिकलेली शिस्त हैबतबाबांनी चढाईसाठी न वापरता चालणाऱ्यांच्या शरीरासाठी वापरली.

त्या शिस्तीत विसावा कोणाच्या मर्जीवर सोडलेला नाही. पहाटे काकड आरती, सकाळी प्रस्थान, वाटेत ठरलेला विसावा, न्याहारी, दुपारचा नैवेद्य, पुन्हा विसावा, संध्याकाळी तळावर समाज आरती. पुण्यात दोन रात्री, मग दिवे घाट चढून सासवडला. सुमारे तीस किलोमीटरची ही मजल सबंध वाटेवरची सर्वांत कठीण. आणि म्हणून सासवडलाही दोन रात्री. वाचकांनी नीट पाहावे: सर्वांत मोठ्या श्रमाच्या आधी एक अख्खा दिवस विसावा आणि नंतर आणखी एक. पाचव्या आवृत्तीच्या नियमांनुसार आठ तासांपलीकडे चालणाऱ्या पात्राला दर तासाला शरीरबळाचा फासा टाकावा लागतो. चुकला की थकव्याची एक पायरी चढते, आणि सहाव्या पायरीवर मृत्यू आहे. हैबतबाबांच्या परंपरेने फासा टाकण्याची वेळच येऊ नये अशी वाट आखली. तरणाबांड गडी एका दिवसात घाट चढून पुढे जेजुरीपर्यंत जाऊ शकेल. त्याला तसे जाता येत नाही. वाट सत्तरीतल्या आजीच्या पायांनी मोजलेली आहे.

संध्याकाळची समाज आरती तर कोणत्याही खेळ रचणाऱ्याने मुद्दाम जाऊन पाहावी. चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ क्षणात थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्याकडे जातो, गाऱ्हाणे ऐकतो. हरवले-सापडले पुकारले जाते. दिवसभर चालताना जे साचले ते थांबल्यावर बोलले जाते. मुक्काम म्हणजे रिकामा वेळ नव्हे. समूह स्वतःकडे पाहतो तो वेळ.

आणि कधी कधी दिसते ते सुखद नसते. इरावती कर्वे यांनी 'वाटचाल' या लेखात आपल्या वारीचा अनुभव लिहिला आहे. ज्या दिंडीत त्या चालल्या तीत निरनिराळ्या जातींचे लोक एकत्र चालत, एकत्र गात. मात्र जेवणाची वेळ झाली की पंगती वेगळ्या होत. कर्वे यांना याचे दुःख झाले आणि ते त्यांनी झाकले नाही. चालत असताना समतेचा जो भास होत होता, त्याची परीक्षा विसाव्यात झाली. वारी नुसतीच चालत राहिली असती, कोणाला भूक लागलीच नसती, तर हा प्रश्न कोणाला दिसलाही नसता.

मुक्कामाचा आणखी एक परिणाम गावांवर होतो. वाल्हे, तरडगाव, बरड, नातेपुते, भंडीशेगाव ही नावे महाराष्ट्राच्या एरवीच्या इतिहासात किती वेळा आली असती? दरवर्षी लाखो माणसे तेथे थकून बसतात म्हणून ती नावे घराघरांत माहीत आहेत. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी महिनाभर चालते. हिंगोली, परभणी, परळी, अंबाजोगाई अशी ती उतरत जाते आणि वाटेतली गावे तिच्यासाठी चुली पेटवतात. नरसीहून निघणाऱ्या नामदेवांच्या पालखीचेही तेच. तीनशेहून अधिक किलोमीटरची मराठवाड्याची वाट, आणि त्या वाटेवर कोणाच्या तरी अंगणात, शाळेत, मंदिरात पडणाऱ्या रात्री. पाहुणा थकलेला असतो म्हणून यजमान असतो.

येथेच ऐच्छिक थकव्याची खरी अडचण कळते. २०१० च्या 'फॉलआउट: न्यू वेगास' या संगणकीय खेळात तहान, भूक आणि झोप यांचा एक कठीण प्रकार आहे, तो खेळाडूने स्वतः निवडायचा असतो. कल्पना उत्तम. पण जो प्रकार निवडलाच जाणार नाही अशी शक्यता आहे, त्याच्याभोवती जग रचता येत नाही. म्हणून त्या वाळवंटात पाणी आणि अन्न मुबलक आहे, आणि तहान हा बहुतेक वेळा एक कळ दाबून मिटणारा आकडा उरतो. 'स्कायरिम' हा २०११ चा खेळ. त्याचा थंडी, भूक आणि थकवा यांचा प्रकार २०१७ मध्ये वरून जोडला गेला, तेव्हा पर्वत आधीच बांधून झाले होते. याउलट २०२३ चा 'बाल्डर्स गेट ३' पाहावा. दीर्घ विश्रांतीसाठी तेथे चाळीस शिधा लागतो, कठीण पातळीवर ऐंशी. शिधा सहज सापडतो, तेव्हा शिक्षा म्हणून हा नियम दुबळाच आहे. पण सोबत्यांची मनोगते, भांडणे, प्रेमप्रकरणे ही रात्रीच्या तळावरच उलगडतात. विश्रांती टाळून घाईने पुढे जाणारा खेळाडू लढाया जिंकतो आणि सोबत्यांना ओळखतही नाही. हैबतबाबांना हा खेळ बहुधा समजला असता.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणेही फेकून देण्यासारखे नाही. दिवसभर राबून रात्री दोन तास खेळायला बसणाऱ्याला पात्राच्या पायांच्या फोडांचा हिशेब नको असतो. त्याचा स्वतःचा थकवा खरा आहे. त्याला त्यातून सुटका हवी आहे. शिवाय ज्या नियमाने कोणताही निर्णय बदलत नाही, नुसती वहीत खाडाखोड होते, तो नियम काढून टाकलेलाच बरा. वारीलाही हे मान्य आहे. आषाढीला एस.टी.ने पंढरपूर गाठणाऱ्याला कोणी चंद्रभागेवरून परत पाठवत नाही. पायी यायचे की गाडीने, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण दिंडीत नाव घातले, पडशी खांद्याला लावली, की मग विसावा दिंडीचा आणि कूचही दिंडीचे. निवड आहे ती उंबरठ्यावर, वाटेत नाही. खेळाचा सूत्रधार आणि खेळाडू यांनी पहिल्याच बैठकीत, पहिला फासा पडण्यापूर्वी, आपण कोणत्या वाटेने निघालो आहोत हे एकत्र ठरवले तर ऐच्छिकतेला हरकत असण्याचे कारण नाही. शूरकथा हवी असेल तर ती खुशाल खेळावी. हरकत आहे ती मधल्याच एखाद्या घाटात कोणी एकट्याने 'मला थकवा लागू नाही' असे म्हणण्याला.

विहिरीच्या कथेत ज्ञानदेव थोडेसे तसेच म्हणतात. त्यांच्याजवळ सिद्धी होती आणि तिने तहानेचा नियम त्यांच्यापुरता रद्द झाला. ते उदार होते, सोबत्यालाही पाणी देत होते. तरीही कथा नामदेवांच्या बाजूने झुकते, कारण विहीर भरून वाहू लागली तेव्हा ते पाणी एकाचे राहिले नाही. मागून येणाऱ्या कोणत्याही वाटसरूला ओंजळीने घेता येईल इतके ते वर आले.

नामदेवांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारातल्या पहिल्या पायरीखाली आहे. तिला नामदेव पायरी म्हणतात. आळंदीला ज्ञानदेवांच्या महाद्वारात हैबतबाबांची पायरी आहे, आणि कार्तिकी यात्रेचा आरंभ तिच्या पूजनाने होतो. पालखी एका पायरीवरून उतरते आणि अठरा दिवसांनी दुसरीपाशी येऊन टेकते.